‘कॅराउझ’चा अर्थ आणि तळाशी उरलेला घोट

प्रश्न असा आहे: शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’च्या शेवटच्या प्रवेशात हॅम्लेटची आई, राणी गर्ट्रूड म्हणते, ‘द क्वीन कॅराउझेस टु दाय फॉर्च्युन, हॅम्लेट.’ कोशात ‘कॅराउझ’ला ‘मद्यपानाचा जल्लोष करणे, झिंगेपर्यंत पिणे’ असे अर्थ मिळतात आणि ते राणीच्या तोंडी बसत नाहीत. हा शब्द आला कुठून, आणि मराठीत काय म्हणावं?

तुमच्या कानाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. गेली तीस वर्षं मी नाटकांची भाषांतरं करतो आहे आणि या एका क्रियापदापाशी मी स्वतः दोनदा घसरलो आहे. पहिल्यांदा कोशावर विश्वास ठेवून, आणि दुसऱ्यांदा शब्दाच्या मुळावर विश्वास ठेवून. दुसरी चूक जास्त शिकवणारी होती, म्हणून आधी मुळाकडे जातो.

‘कॅराउझ’ मूळचा जर्मन. ‘गार’ म्हणजे पुरतं, पूर्णपणे, आणि ‘आउस’ म्हणजे बाहेर, संपलं. प्याला तोंडाला लावला की ‘गार आउस’, म्हणजे सगळा, तळापर्यंत. त्यामागे एक रीत होती. जर्मन मुलखात तिला ‘झुट्रिंकेन’ म्हणत, म्हणजे कुणाला तरी उद्देशून पिणं. मेजावरचा एकजण दुसऱ्याचं नाव घेऊन प्याला उचलायचा आणि संपवायचा. मग ज्याचं नाव घेतलं त्याच्यावर तेवढाच प्याला तसाच संपवण्याची पाळी यायची. नाही म्हणणं हा अपमान धरला जाई आणि त्यावरून हाणामाऱ्या होत. हे प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की १५३० साली ऑग्सबर्गच्या राजसभेने काढलेल्या फर्मानात या झुट्रिंकेनवर बंदी घातली गेली. तशी बंदी पुढेही पुन्हापुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली गेली ते कळतं.

या रीतीचा एक अवशेष आपल्या घरात आहे. इंग्रजीतला ‘टंबलर’ हा पेला सुरुवातीला बुडाशी गोल किंवा निमुळता असे. भरलेला असताना तो खाली ठेवताच येत नसे, ठेवला की कलंडणार. ‘टंबल’ म्हणजे कोलमडणं, त्यावरून नाव. हातात घेतला की संपवूनच खाली ठेवायचा. याच टंबलरचं मराठीत ‘टमरेल’ झालं आणि त्या टमरेलाच्या नशिबी काय काम आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजेरजवाड्यांच्या मेजावरून शब्द कुठपर्यंत उतरू शकतो याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा आजचा धंदा यांची गल्लत करू नये हे मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा टमरेलापासूनच सुरुवात करतो.

‘गार आउस’ जर्मनीबाहेर पडला तो सोळाव्या शतकात. फ्रेंचमध्ये त्याचं ‘कारूस’ झालं. फ्रेंच लेखक राब्लेच्या लेखनात हा शब्द आणखी एका जर्मन आरोळीला जोडून येतो: ‘आल आउस’, सगळं संपव. फ्रेंचमधून तो त्याच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत पोचला. तिथे त्याने पहिला संसार मांडला तो क्रियाविशेषण म्हणून. लोक ‘ड्रिंक कॅराउझ’ म्हणत. आपण ‘गटागटा पिणं’ म्हणतो त्यात ‘गटागटा’ची जी जागा, तीच इथे ‘कॅराउझ’ची, अर्थ मात्र ‘तळ गाठून’. मग ‘अ कॅराउझ’ म्हणजे असा एक भरला प्याला, आणि शेवटी नुसतं ‘टु कॅराउझ’ हे क्रियापद. शेक्सपिअर लिहीत होता तेव्हा हा शब्द अजून ताजा होता, परदेशी वास पूर्ण गेलेला नव्हता.

शब्द बाहेर पडला, पण त्याच्या गावी मागे काय उरलं तेही पाहण्यासारखं आहे. जर्मनमध्ये ‘गाराउस’ हे नाम झालं. गुत्ता बंद करायच्या वेळी हीच हाळी दिली जाई, आता पुरे, संपलं. न्यूरेंबर्ग शहरात दिवस संपल्याची घंटा होत असे, तिलाही ‘गाराउस’ म्हणत. आणि आजच्या जर्मनमध्ये एखाद्याचा ‘गाराउस करणं’ म्हणजे त्याचा निकाल लावणं, त्याला संपवणं. उंदरांचा, ढेकणांचा, शत्रूचा. पिण्याच्या मेजावरची आरोळी मरणाच्या शब्दापर्यंत गेली. राजाने हॅम्लेटसाठी विष घालून ठेवलेला प्याला नकळत हातात घेतलेली राणी ‘कॅराउझेस’ म्हणते तेव्हा हे आठवून अंगावर काटा येतो. शेक्सपिअरच्या मनात तो जर्मन अर्थ होता असा माझा दावा नाही. पण भाषांतरकाराला तो माहीत असला की त्याचा हात त्या ओळीवर जरा जपून पडतो.

आता नाटकात या. ‘हॅम्लेट’मध्ये पिणं सुटं नाही, ते राज्यकारभाराचा भाग आहे. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात मध्यरात्री तटावर हॅम्लेट, त्याचा मित्र होरेशिओ आणि पहाऱ्यावरचा मार्सेलस उभे असतात, कडाक्याची थंडी असते, आणि आतून तोफा आणि तुताऱ्या ऐकू येतात. होरेशिओ विचारतो हे काय. हॅम्लेट सांगतो की राजा जागा आहे, ‘टेक्स हिज राउझ, कीप्स वॉसेल’, आणि ऱ्हाइनकाठची वाईन तो घशाखाली उतरवतो तेव्हा नगारे आणि तुताऱ्या त्याच्या त्या पराक्रमाची द्वाही फिरवतात. या दोन ओळींत जल्लोषी पिण्याचे दोन वेगळे शब्द शेजारी बसवले आहेत आणि दोघांची कुळं वेगळी आहेत.

‘वॉसेल’ उत्तरेकडचा. जुन्या नॉर्स भाषेत ‘वेस हेल’, म्हणजे सुखरूप राहा, धडधाकट राहा. आधी ते नुसतं अभिवादन होतं, मग प्याला पुढे करताना म्हणायचं वाक्य, मग तो प्याला, मग त्यातलं पेय आणि अखेर ते सगळं पिणंखाणं. बाराव्या शतकात मॉन्मथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांचा जो इतिहास लिहिला, त्यात सॅक्सन मुलगी रोवेना राजा व्होर्टिगर्नला सोन्याचा प्याला देते आणि हेच शब्द म्हणते. राजाला भाषा कळत नाही, त्याला उत्तर काय द्यायचं ते शिकवावं लागतं. इतिहास म्हणून ती गोष्ट धरू नका. पण तेव्हा वाचकांना हा सवालजबाब ओळखीचा होता एवढं तिच्यावरून नक्की कळतं.

‘राउझ’बद्दल दोन मतं आहेत. एक असं की ‘ड्रिंक कॅराउझ’ ऐकताना लोकांनी ते ‘ड्रिंक अ राउझ’ असं तोडलं. दुसरं असं की तो स्कँडिनेव्हियातल्या ‘रुस’वरून, म्हणजे नशा या शब्दावरून आला. डॅनिश राजाच्या संदर्भात शेक्सपिअर तो वापरतो म्हणून दुसऱ्या मताला वजन मिळतं. मला पहिलं जास्त पटतं, कारण कानाने शब्द तोडण्याची ही खोड सगळ्या भाषांत आहे.

या सगळ्यात इंग्रज स्वतःला कुठे ठेवत होते? ‘ऑथेल्लो’त इयागो सांगतो की डेन, जर्मन, ढेरपोटे हॉलंडवाले, हे कुणी इंग्रजांपुढे पिण्यात काहीच नाहीत. प्रेक्षागृहात इंग्रजच बसलेले असत. म्हणजे शब्द जर्मनांकडून, तोफांची रीत डेन्मार्ककडून, आणि बढाई मात्र स्वतःची.

आता माझी दुसरी चूक. काही वर्षांपूर्वी एका हौशी संस्थेसाठी या नाटकाचे निवडक प्रवेश मी मराठीत केले. मूळ ‘गार आउस’ आहे हे मला तोवर समजलेलं होतं आणि त्याचा आनंदही होता. म्हणून राणीच्या तोंडी मी ओळ दिली: ‘हॅम्लेट, तुझ्या यशासाठी राणी हा प्याला रिता करते.’ कानाला छान वाटत होती. तालमीला आम्ही स्टीलचा पेला वापरत होतो. राणीची भूमिका करणारी अभिनेत्री फार चोख काम करणारी. तिने ओळ म्हटली, पेला तोंडाला लावला, मान मागे टाकली आणि पेला उपडा करून दाखवला. ओळच तशी होती, तिचं काही चुकलं नाही. प्रवेश पुढे सरकला. हॅम्लेटशी तलवार खेळणारा लेआर्टिस पडला, राजा पडला, हॅम्लेट पडला. मग होरेशिओ करणारा मुलगा तोच पेला उचलतो, मित्रामागे स्वतःही मरायचं ठरवतो आणि म्हणतो, ‘यात अजून थोडं उरलंय.’ तो थांबला. पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सगळी तालीम थांबली.

मूळ नाटकात ते वाक्य आहे. ‘हिअर्ज यट सम लिकर लेफ्ट.’ राणीने प्याला संपवलेला नाही. एवढंच काय, राणी प्याल्यानंतर हॅम्लेट तिला म्हणतो, मी आत्ता पिण्याचं धाडस करत नाही, थोड्या वेळाने. म्हणजे तिने उरलेला प्याला त्याच्यापुढे केलेला आहे. मग शेवटी हॅम्लेट तेच विष राजाच्या तोंडात ओततो आणि तरीही तळाला काही उरतंच. शिवाय राजाला पाजताना हॅम्लेटचे शब्द आहेत ‘ड्रिंक ऑफ धिस पोशन’. त्या ‘ऑफ’मध्ये ‘संपव’ आहे. जुन्या ‘गार आउस’चा तळ गाठण्याचा अर्थ शेक्सपिअरने इथे दुसऱ्या शब्दाला दिला आहे, आणि ‘कॅराउझ’ राणीसाठी राखून ठेवला आहे.

यावरून माझी खात्री झाली की या ओळीत ‘कॅराउझ’चा भर संपवण्यावर नाही. झुट्रिंकेनच्या दोन बाजू होत्या: एक प्याला रिकामा करणं, दुसरी कुणाचं तरी नाव घेऊन, सगळ्यांसमोर, स्वतःला बांधून घेणं. राणीच्या तोंडी पहिली बाजू फिकी पडली आहे आणि दुसरी लखलखीत आहे. ‘टु दाय फॉर्च्युन’ हे शब्द त्या क्रियापदाला लागून येतात ते त्यामुळेच. आई भर दरबारात मुलाच्या बाजूने उभी राहते आहे, नवऱ्यासमोर. त्याआधी राजानेच गाजावाजा करून सांगितलेलं आहे की हॅम्लेटसाठी राजा पिईल, तोफा आकाशाला सांगतील. राजाने केलेल्या घोषणेचं राणी घरगुती, खरंखुरं रूप करते. मुलाला घाम आलेला आहे, ती रुमाल देते, आणि त्याच दमात हे वाक्य म्हणते. ‘झिंगेपर्यंत पिणे’ इथे का बसत नाही ते आता दिसेल.

मग मराठीत काय? आपली अडचण अशी की मराठीत पिण्याची क्रियापदं भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळी बदनाम आहेत. ढोसणं, झोकणं, चढवणं, लावणं, टाकणं. ‘रिचवणं’ त्यातल्या त्यात सभ्य, पण त्यातही मोजदाद आहे, किती रिचवले. याला इतिहास आहे. आपल्या रंगभूमीवर दारूचं सगळ्यात मोठं नाटक म्हणजे गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’, आणि त्यातल्या तळीरामाचं विशेषनाम मराठीने सामान्यनाम करून टाकलं. ज्या भाषेत पिणाऱ्याचं नाव त्या नाटकातून आलं, तिथे राणीने सन्मानाने प्याला घेणं सांगायला तयार शब्द कुठून असणार? आजच्या बोलण्यात ‘बसणं’ आहे: ‘शनिवारी बसू या’. प्यायचं नावही न घेता सगळं सांगणारं हे फार देखणं क्रियापद आहे. त्यात सोबत आहे, गप्पा आहेत, चिवडा आणि शेंगदाणे आहेत. आधुनिक इंग्रजीतल्या ‘दे वर आउट कॅराउझिंग’ला मी बिनदिक्कत ‘बसले होते’ असं करतो. पण राणी उभी आहे, आणि काळ वेगळा आहे.

संस्कृतात मात्र या रीतीला मानाचे शब्द आहेत. कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे शौकीन शहरी माणसाच्या, करमणुकी सांगताना ‘समापानक’ येतं: एकमेकांच्या घरी जमून पिणं. आणि त्याहून जुना शब्द ‘सपीति’. ‘स’ म्हणजे बरोबर, ‘पीति’ म्हणजे पिणं. अमरकोश त्याचा अर्थ ‘तुल्यपान’ देतो, बरोबरीने पिणं. त्या जर्मन मेजावरची अटही तीच होती, तू जेवढं तेवढंच मी. तुमच्या घरी रुद्राभिषेक झाला असेल तर हा शब्द तुम्ही ऐकलेला आहे. रुद्रानंतर म्हणतात त्या चमकात ‘सग्धिश्च मे सपीतिश्च मे’ येतं: मला सहभोजन लाभो, मला सहपान लाभो. तूप, मध, शेती, पाऊस यांच्या रांगेत ते मागणं आहे. ग्रीकांच्या ‘सिंपोझियम’चीही घडण हीच, ‘सिम’ म्हणजे एकत्र आणि पुढचा भाग पिण्याचा. त्यातला धातू आणि आपल्या ‘पान’, ‘पेय’मधला धातू मुळात एकच. आपण त्याचं ‘परिसंवाद’ केलं आणि प्याला मेजावरून उचलून नेला. पण सपीति आणि समापानक रंगमंचावर चालणार नाहीत. प्रेक्षकाला एका सेकंदात कळायला हवं.

आणखी एक खड्डा सांगतो, कारण त्यात बहुतेकजण पडतात. ‘टु दाय फॉर्च्युन’साठी ‘तुझ्या नावाने’ लिहायचा मोह होतो. ‘राणी तुझ्या नावाने पिते.’ मराठीत माणसाच्या नावाने काय काय करतात ते आठवा. नावाने खडे फोडतात, बोटं मोडतात, शिमगा करतात, आणि नात्यातून उठवायचं असेल तर नावाने आंघोळ करतात. देवाच्या नावाने चांगभलं होतं, माणसाच्या नावाने क्वचितच. आईच्या तोंडी तो प्रयोग अभद्र वाटतो. ‘तुझ्या यशासाठी’ किंवा ‘तुझं भाग्य उजळो म्हणून’, यातलं काहीही चालेल. १८८३ साली आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणलं, गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला ही आई ओळखीची आहे. तिच्या तोंडी अभद्र बोल आला तर त्याला तो टोचतो.

क्रियापदाचं उत्तर मला शेवटी दरबारातच सापडलं, फक्त आपल्या. आपल्याकडे कठीण कामगिरी असली की तबकात विडा ठेवला जाई आणि जो तो उचलेल तो सगळ्यांसमोर बांधला जाई. विडा खाल्ला की नाही, किती खाल्ला, याला महत्त्व नव्हतं. उचलणं हीच शपथ. म्हणून आता माझी ओळ अशी आहे:

‘हॅम्लेट, तुझ्या यशासाठी राणी हा प्याला उचलते आहे.’

‘उचलते’त विड्याची आठवण आहे, सगळ्यांसमोर स्वतःला बांधून घेणं आहे, आणि तळ दाखवण्याची सक्ती नाही. होरेशिओसाठी घोट उरतो. शिवाय पुढच्या दोन वाक्यांची वेळ साधते. ती प्याला नुसता उचलते, म्हणून राजाला म्हणायला जागा मिळते: ‘गर्ट्रूड, पिऊ नकोस.’ आणि ती म्हणते: ‘पिणार मी, महाराज. क्षमा असावी.’ माझ्या जुन्या ओळीत ती आधीच प्यालेली असायची आणि राजाचं वाक्य उशिरा पडायचं. सगळ्या प्रवेशातला सगळ्यात भयंकर क्षण त्या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. राजा ओरडून थांबवू शकतो, पण थांबवलं तर विष उघडं पडतं. तो गप्प बसतो. आधीच्या ओळीने मी तो क्षण मारून टाकला होता.

हेच उत्तर शेक्सपिअरच्या प्रत्येक ‘कॅराउझ’ला लावू नका. ‘ऑथेल्लो’त रोडेरिगोने डेस्डिमोनासाठी ‘कॅराउझ्ड पोटेशन्स पॉटल-डीप’ केलेलं आहे. पॉटल म्हणजे अर्धा गॅलन, सुमारे दोन लिटर. तिथे तळच हवा: ‘डेस्डिमोनासाठी रोडेरिगोने आज भांड्याचा तळ पाहिलाय.’ ‘टेमिंग ऑफ द श्रू’त पेट्रुकिओ स्वतःच्या लग्नात, देवळात, वादळातून वाचलेल्या खलाशासारखा सोबत्यांच्या आरोग्यासाठी ओरडून पितो आणि वाईनमध्ये भिजलेले पावाचे तुकडे चर्चच्या सेवकाच्या तोंडावर फेकतो. तिथे ‘उचलणं’ मिळमिळीत होईल, ‘झोकणं’च हवं.

आणि विमानतळावर सामान फिरत येतं त्या पट्ट्याचं ‘कॅरोसेल’ हे नाव या कुळातलं नाही. ते इटालियनमधून, घोडेस्वारांच्या खेळावरून आलं. इंग्रजांनीही पूर्वी दोन्हींची गल्लत केलेली आहे, म्हणून सांगून ठेवतो.

तुमच्या प्रतीत राणीच्या ओळीच्या अलीकडे ‘टेक माय नॅपकिन’ आहे ना, तिथे ‘रुमाल’ लिहा, ‘वस्त्र’ नको. रुमाल आणि प्याला दोन हातांत धरून ती उभी राहिली की बाकीचं अभिनेत्री करते.